बारीक दोऱ्याच्या क्रोशाचा ओनामा

लहान वस्तूचे मनुष्यास उपजतच कौतुक असते. भातुकलीतील बोटभर जाते, चिमुकली चूल, तीवरचा इवलासा तवा, ही दिसताच पोक्त माणसाचाही हात आपोआप पुढे होतो. आपल्या कऱ्हाटी भागात विहिरीवर वाकलेल्या बाभळीस सुगरणीची घरटी लोंबताना दिसतात. एवढ्याशा चोचीने एवढी नेटकी वीण कशी साधली असेल, असा विचार प्रत्येक पाहणाऱ्याच्या मनात येतो. मोठ्या कामात श्रम दिसतात आणि लहान कामात कौशल्य दिसते, हेच या कौतुकाचे कारण असावे.

क्रोशाचे विणकाम आपल्या घरांस नवे नाही. दारावरचे तोरण, मेजावरचा रुमाल, तान्ह्या बाळाचे टोपडे, परकराच्या कडेची लेस, लग्नातील रुखवतात मांडलेल्या नाना वस्तू, देव्हाऱ्यातील बाळकृष्णाचा वीतभरही नसलेला अंगरखा, हे सर्व आपल्या आया-आज्यांनी विणलेले आपण पाहिले आहे. प्रस्तुत लेखात आम्ही याच विद्येची एक नाजूक शाखा विद्यार्थ्यांपुढे ठेवीत आहो. अतिशय बारीक दोरा व तितकीच बारीक आकड्याची सुई घेऊन नखाएवढी फुले, पाने, टोप्या व रुमाल विणणे, हे ते काम होय. ते कसे आरंभावे, कोणत्या पायऱ्यांनी शिकावे आणि त्यापासून हाताबरोबर बुद्धीसही काय लाभ होतो, एवढे सांगण्याचा हेतू आहे.

ही विद्या आली कोठून?

‘क्रोशे’ हा शब्द फ्रेंच भाषेतील असून त्याचा अर्थ ‘लहान आकडा’ असा आहे. आपण त्यास मराठी वळण देऊन ‘क्रोशा’ म्हणतो. या विणकामाच्या छापील कृतींपैकी सर्वांत जुन्या ज्ञात कृती इ. स. १८२३ साली ‘पेनेलोपे’ नामक डच मासिकात आल्या होत्या. म्हणजे चरखा व माग यांच्या मानाने ही कला वयाने लहानच म्हणावयाची.

तिची थोरवी जगास कळली ती मात्र एका मोठ्या संकटात. इ. स. १८४५ पासून आयर्लंडात बटाट्याच्या पिकावर रोग पडला व भयंकर दुष्काळ ओढवला. त्या काळी तेथील जोगिणींच्या मठांनी व कित्येक पाद्रींच्या पत्नींनी गरीब स्त्रियांस क्रोशाची लेस विणावयास शिकविले. क्लोन्स नामक गावी कॅसांड्रा हँड या बाईंनी १८४७ साली हे काम सुरू केले. तेथील स्त्रिया बारीक दोऱ्यात गुलाब, पाने, द्राक्षांचे घड सुटे सुटे विणीत व मागाहून ते जाळीने सांधीत. लेसेतील एका चिमुकल्या गाठीस आजही ‘क्लोन्सची गाठ’ म्हणतात. मोठी यंत्रे नव्हती, भांडवल नव्हते. एक आकडा व एक दोऱ्याची गुंडी एवढ्यावर कित्येक घरांच्या चुली पेटत्या राहिल्या.

हिंदुस्थानात ही कला विशेषेकरून मिशनऱ्यांच्या द्वारे पसरली. आंध्रातील गोदावरीच्या मुखाजवळचे नरसापूर हे तिचे मोठे केंद्र असून तेथील लेसेस २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. महाराष्ट्रातही मुलींच्या शाळांतून शिवण व विणकाम शिकविण्याची रीत जुनी आहे. आपल्याच जिल्ह्यात, शेजारच्या दौंड तालुक्यात, केडगावी पंडिता रमाबाईंनी मुक्तिसदन उभारिले. पुण्यास रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली १९०९ साली सेवासदन स्थापन झाले. ‘स्त्रीच्या हाती विद्येबरोबर हुन्नरही असावा, म्हणजे तिला कोणाच्या तोंडाकडे पाहावे लागत नाही’ हा विचार या दोन्ही संस्थांच्या कार्यात आढळतो. तो विचार अद्याप जुना झालेला नाही.

साहित्य

या कामास खर्च अल्प लागतो. बारामती-इंदापुराच्या बाजारात कटलरीच्या किंवा लोकर-दोऱ्याच्या दुकानी बहुतेक वस्तू मिळतात. फारच बारीक सुई हवी असल्यास पुण्याहून मागवावी लागते.

प्रथम दोरा. दोऱ्याच्या नंबराची रीत नवशिक्यास उलटी वाटते, कारण नंबर जितका मोठा तितका दोरा बारीक. याचे मूळ सुताच्या मापात आहे. एक पौंड सुतात ८४० वार लांबीच्या जितक्या लडी भरतील, तितका त्या सुताचा नंबर धरण्याची पद्धत इंग्रजी गिरण्यांत पडली. सूत बारीक असले म्हणजे त्याच वजनात लडी अधिक भरणार, हे उघड आहे. क्रोशाच्या गुंडीवरील नंबर या मापाशी तंतोतंत जुळतो असे नाही. परंतु त्याची दिशा तीच आहे. दोरा सुती, घट्ट पिळाचा व चकाकीचा घ्यावा. ही चकाकी तेलाची वा मेणाची नसते. जॉन मर्सर या इंग्रज रसायनज्ञाने सुतावर कॉस्टिक सोड्याची क्रिया करण्याचे १८५० साली पेटंट घेतले आणि पुढे १८९० च्या सुमारास होरेस लो याने ती क्रिया सूत ताणून धरून केली. तेव्हापासून सुतास रेशमासारखे तेज येऊ लागले. अशा सुतास मर्सराइज्ड म्हणतात. त्याचे तंतू विस्कटत नाहीत, म्हणून बारीक कामास ते उत्तम.

दुसरी वस्तू सुई. बारीक कामास पोलादी सुईच पाहिजे. सुयांचे नंबर कंपनीगणिक निराळे असतात, यास्तव नंबर न पाहता मिलिमीटरचे माप पाहावे. साधारण जोड पुढीलप्रमाणे जमते: २० नंबरच्या दोऱ्यास १.२५ मिलिमीटरची सुई, ४० नंबरास १ मिलिमीटरची, ६० नंबरास ०.७५ ची, ८० नंबरास ०.६ ची आणि त्याहून बारीक दोऱ्यास किंवा शिवणाच्या रिळास ०.५ ची. हात सैल असेल त्याने एक माप बारीक घ्यावे. हात आवळ असेल त्याने एक माप जाड घ्यावे.

याखेरीज लहान टोकदार कात्री, बारीक शिवणाची सुई, न गंजणाऱ्या टाचण्या, मोजपट्टी, मांडीवर पसरण्यास एक काळा फडका व एक वही. वहीचे काम काय, ते पुढे येईलच. सुईच्या टोकास बुचाचा तुकडा लावून ती काडेपेटीत ठेवावी. घरात रांगते मूल असल्यास तिच्या हाती ती पडणार नाही अशी खबरदारी घ्यावी.

डोळे व हात

सुईस हात लावण्यापूर्वी उजेडाचा विचार करावा. सकाळचे ऊन ओसरीवर आलेले असता, त्याकडे पाठ न करता ते डाव्या खांद्यावरून कामावर पडेल असे बसावे. डावखुऱ्यांनी उजवा खांदा धरावा. आरंभी दोरा पांढरा किंवा फिकट घ्यावा व मांडीवर काळा फडका असावा, म्हणजे टाका स्पष्ट दिसतो. काळा दोरा नवशिक्याने घेऊच नये. दर वीस मिनिटांनी मान वर करून वीस फुटांपलीकडील लिंबाच्या झाडाकडे निदान वीस सेकंद पाहावे. रात्री मिणमिणत्या दिव्यात हे काम करणे सर्वथा वर्ज्य. ज्यास फळ्यावरील अक्षर नीट दिसत नाही किंवा वाचताना कपाळ दुखते, त्याने आधी डोळे तपासून घ्यावे. भिंग वापरण्यात कमीपणा नाही. घड्याळ दुरुस्त करणाराही ते वापरतो.

सुई लेखणीप्रमाणे तीन बोटांत धरावी. तिची दांडी फार बारीक असल्याने बोटे अवघडतात, म्हणून दांडीस कापडाची पट्टी गुंडाळून ती जाड करावी. डाव्या हातात दोरा करंगळीभोवती एक वेढा देऊन तर्जनीवरून पुढे आणावा. या वेढ्यानेच ताण एकसारखा राहतो. आपल्याकडे उन्हाळ्यात हातास घाम फार येतो व दोरा मळतो. यास्तव हात धुऊन, कोरडे करूनच बसावे. दोऱ्याचा पीळ उलगडू लागला तर काम हातातून सोडून अधांतरी लोंबू द्यावे. ते स्वतःभोवती फिरून पीळ पुन्हा बसतो.

पहिला नमुना

आपल्याकडील बायका क्रोशाच्या टाक्यांस जी नावे देतात तीच येथे घेतो. फासातून दोरा ओढून काढला की एक साखळी झाली. खालच्या टाक्यात सुई घालून दोरा ओढला, सुईवर दोन फास झाले, ते एकदम एका वेढ्यात काढले, की तो मुका खांब. सुई घालण्यापूर्वीच तिच्यावर एक वेढा घेतला व दोन-दोन फास दोनदा काढले, की तो खांब. खालच्या टाक्यात सुई घालून दोरा सरळ दोन्हीतून ओढून घेतला, की तो सरकता टाका. त्याने फेरी बंद करतात.

आता पुढील फूल विणावे.

बोटाभोवती दोऱ्याचे सरकते कडे करून त्यात सहा मुके खांब घालावे. दोऱ्याचे टोक ओढून कडे आवळावे व सरकत्या टाक्याने फेरी बंद करावी. प्रत्येक पुढील फेरीच्या आरंभी एक साखळी चढावी आणि शेवटी सरकत्या टाक्याने फेरी बंद करावी. या दोन्ही टाक्यांच्या मोजणीत धरू नयेत.

दुसऱ्या फेरीत प्रत्येक टाक्यात दोन मुके खांब, एकूण १२.

तिसऱ्या फेरीत एका टाक्यात एक, पुढच्यात दोन, याप्रमाणे, एकूण १८.

चौथ्या फेरीत दोन टाक्यांत एकेक, पुढच्यात दोन, एकूण २४.

पाचवी फेरी झालरीची. एका टाक्यात मुका खांब, तीन साखळ्या, मधला एक टाका सोडून पुढच्यात पुन्हा मुका खांब, याप्रमाणे सभोवार जावे. बारा कमानी होतील. शेवटची कमान पहिल्या मुक्या खांबास सरकत्या टाक्याने जोडून दोरा कापावा. टोक बारीक सुईने मागील बाजूस टाक्यांखालून ओवून घ्यावे. गाठ मारू नये. एवढ्या लहान कामात गाठ खड्यासारखी दिसते.

हे फूल प्रथम २० नंबरच्या दोऱ्यात विणावे. ते रुपयाच्या नाण्याच्या आसपास भरेल. ते निर्दोष साधेपर्यंत पुढे जाऊ नये. मग तेच फूल, टाके तेवढेच ठेवून, ४० नंबरात, मग ६० मध्ये, मग ८० मध्ये विणावे. शेवटचे फूल सदऱ्याच्या गुंडीएवढे होईल. नमुना एकच, टाके तितकेच. बदलले ते केवळ दोरा व सुई. बारीक कामाचे सारे रहस्य या क्रमात आहे. जो एकदम ०.५ च्या सुईस हात घालतो, त्याचा दोरा फाटतो, डोळे शिणतात व तिसऱ्या दिवशी सुई कोपऱ्यात पडते. जो एक एक पायरी उतरतो, त्याच्या बोटांस टाका आधीच पाठ झालेला असतो. डोळ्यांनी तो पुरता दिसला नाही तरी बोटे तो ओळखतात.

फुले झाल्यावर सौम्य साबणाने धुऊन, उशीवर पालथी पसरून, प्रत्येक कमानीत टाचणी लावावी व पातळ साबुदाण्याच्या खळीचा हात फिरवून सावलीत वाळवावी. टाचण्या काढताच फूल ताठ व रेखीव दिसेल.

सहाच टाके का?

जिज्ञासू विद्यार्थी येथे विचारील की, दर फेरीस सहाच टाके का वाढवावयाचे? पाच का नाहीत, सात का नाहीत? याचे उत्तर भूमितीच्या पुस्तकात आहे. मुक्या खांबाची उंची व रुंदी जवळजवळ सारखी असते. प्रत्येक फेरीने वर्तुळाची त्रिज्या एका टाक्याच्या उंचीने वाढते. परीघ त्रिज्येच्या सुमारे ६.२८ पट असतो. म्हणून त्रिज्या एकाने वाढली की परीघ सहा टाक्यांहून किंचित अधिक वाढतो. सहा टाके घातले की वर्तुळ सपाट बसते. खांबाची उंची मुक्या खांबाच्या सुमारे दुप्पट, म्हणून खांबाच्या वर्तुळात दर फेरीस बारा वाढवितात.

टाके कमी वाढविले तर कड आवळून वाटी होते. बाहुलीची टोपी अशीच करतात. फार अधिक वाढविले तर कडेस लाटा उठतात. या लाटाही निरर्थक नाहीत. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात दाइना ताइमिना या गणितज्ञ बाईंनी १९९७ साली अशाच लाटांच्या विणीने भूमितीतील एक अवघड पृष्ठभाग क्रोशाने करून दाखविला. कागदाचा असा पृष्ठभाग हाताळताना फाटत असे, दोऱ्याचा टिकला. ज्या सुईस आपण करमणुकीचे साधन समजतो, तिने गणिताच्या अध्यापकांस धडा दिला.

मोजणीचे महत्त्व

आता या लेखातील मुख्य गोष्ट. बारीक काम व मोठे काम यांत खरा भेद आकाराचा नसून चुकीच्या किमतीचा आहे. ६०० टाक्यांच्या रांगेने विणलेल्या पलंगपोसात एक टाका सुटला तर तो सहाशेवा हिस्सा चुकला. पाहुण्याच्या दृष्टीसही तो येत नाही. आपल्या फुलाच्या पहिल्या फेरीत सहाच टाके आहेत. तेथे एक सुटला तर सहावा हिस्सा गेला. फूल एका अंगास कलंडते आणि पुढच्या चारही फेऱ्यांत ती चूक वाढतच जाते. लहान कामात चूक लपविण्यास जागा नसते. म्हणून फेरी संपली की मोजावे, मोजल्यावाचून पुढची फेरी चढू नये आणि चुकले असेल तर निमूटपणे उसवावे. उसविण्यास जो कंटाळत नाही तोच या कामात तरतो.

याच कारणासाठी हे काम मुलग्यांनीही करावे असे आम्हांस वाटते. उजनीच्या पाणफुगवट्यावर, भिगवणच्या बाजूस, मासेमारी करणारे पुरुष जाळे दुरुस्त करीत बसतात, तेव्हा त्यांच्या पौरुषास कोणी नावे ठेवीत नाही. जाळ्याची सुई चालते, तर क्रोशाची का न चालावी? पुढे कोणी शल्यवैद्य होईल, कोणी घड्याळजी होईल, कोणी यंत्रशाळेत सूक्ष्म भाग जोडील. स्थिर हात व मोजण्याची सवय त्या सर्वांस उपयोगी पडेल.

टाक्यांबरोबर आणखी एक मोजणी शिकावी, आणि वही त्यासाठीच सांगितली आहे. प्रत्येक फुलासमोर दोऱ्याचा नंबर, सुईचे माप, मोजपट्टीने घेतलेली रुंदी आणि विणण्यास लागलेली मिनिटे लिहावी. समजा, एका फुलास ४० मिनिटे लागली. कर्णफुलांच्या जोडीस दोन फुले, म्हणजे ८० मिनिटे. धुणे, खळ व आकडे बसविणे यांस २० मिनिटे. एकूण १०० मिनिटे. साहित्याचा खर्च वजा जाता जोडीमागे ५० रुपये हाती आले, तर तासाची मजुरी ३० रुपये पडली. ती पुरेशी आहे की नाही याचा विचार विणणारीने करावा; पण विचार करण्यास आकडा हाती पाहिजे.

हा आकडा का हवा, ते नरसापूरच्याच उदाहरणाने कळते. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी तेथील लेस विणणाऱ्या स्त्रियांचा अभ्यास करून १९८२ साली पुस्तक प्रसिद्ध केले. त्या स्त्रियांची लेस परदेशी विकली जात होती, व्यापारी श्रीमंत होत होते. परंतु विणणाऱ्या बायकांस सर्वजण ‘फावल्या वेळी विणणाऱ्या गृहिणी’ म्हणत, त्यांस कामगार कोणी म्हणत नसे, आणि मजुरी अत्यल्प राही. ज्या कलेने आयर्लंडात दुष्काळात अन्न दिले, तीच कला मोजणी न ठेवणाऱ्याच्या हाती पडली की दुसऱ्याचे घर भरते. बाजारात क्रोशाच्या नावाने यंत्राची स्वस्त जाळी मिळते. ती बहुधा निराळ्या विणीची असते; विक्रीचा खरा क्रोशा अद्यापि हातानेच विणला जातो. यास्तव त्याची तुलना यंत्राच्या मालाशी करून आपला भाव पाडून घेऊ नये.

पालकांस दोन शब्द

सुज्ञ पालकांस आमची विनंती एवढीच की, मुलीच्या हाती सुई पाहून ‘आता रुखवताची सोय झाली’ असे म्हणून थांबू नये आणि मुलाच्या हाती सुई पाहून हसू नये. दिवसातून अर्धा तास या कामास पुरे आहे; अभ्यासाचा वेळ मोडून किंवा झोप मोडून ते करवू नये. पहिले फूल वाकडे होईल, त्यास वाकडे म्हणावे. पण ते फेकू नये. ते वहीच्या पहिल्या पानावर टाचून ठेवावे. चार महिन्यांनी ८० नंबरच्या दोऱ्यातील फूल त्याच्या शेजारी आले म्हणजे मूल किती पुढे गेले, ते मोजपट्टी लावून पाहता येईल.

विद्यार्थ्यांनो, येत्या सुटीत एक गुंडी, एक सुई व एक वही घ्या. फुलांचे नाताळच्या झाडासाठी तारे करा, आजीच्या रुमालास झालर लावा, धाकट्या बहिणीच्या भातुकलीत ज्वारीच्या चार दाण्यांएवढा रुमाल विणून द्या. काय करावे ते तुमच्या आवडीवर सोडतो; मात्र पहिल्या फेरीचे सहा टाके मोजल्यावाचून दुसरी फेरी चढू नका.